चांदीला रंग फासणं थांबवा

पावसाळा सरल्यावर कपाट आवरताना एक रंगीत नाणं हाती लागलं. एक औंस, ९९९ शुद्धतेची चांदी, मधोमध निळ्या-हिरव्या पिसांचा पक्षी. पक्षी जसाच्या तसा होता. त्याच्याभोवतीची आरशासारखी चांदी मात्र कडेकडून पिवळी पडत, तपकिरी होत आत सरकली होती. नऊ वर्षांपूर्वी चांदीच्या भावाच्या तिप्पट पैसे मोजून मी ते घेतलं होतं. कॅप्सूल एकदाही उघडली नव्हती. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, चांदी आहे, काळी पडणारच."

ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. चांदी काळी पडणारच हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तिच्यावर रंग का चढवला, हा माझा प्रश्न आहे.

काळं पडणं हा चांदीचा दोष नव्हेच. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमधलं गंधक तिला धरतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. हा थर पातळ असतो तोवर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे आधी पिवळा दिसतो, मग किरमिजी, मग निळा. जाड झाला की काळा. माझ्याकडे १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया आहे. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. त्याच्या कडेला जी जांभळट निळाई आली आहे, ती कुठल्याही टांकसाळीला छापता येणार नाही. त्याला मी रिठ्याचं पाणीसुद्धा लागू देत नाही. ते नाणं सगळ्या अंगाने सारखं म्हातारं झालं आहे. रंगीत नाण्याला म्हातारपणही धड येत नाही. शाईखालची चांदी झाकलेली राहते, उघडी चांदी हवा खाते, आणि दोन्हींच्या सीमेवर मळकट कड उमटते.

आणि त्यावर इलाज नाही. माझा खरा राग इथे आहे. साध्या चांदीच्या नाण्याला पीव्हीसीच्या पाकिटाचा हिरवा चिकटा लागला, तर ॲसिटोनमध्ये बुडवून तो काढता येतो. सल्फाइडचा थर फारच कुरूप झाला, तर थायोयुरिआचं डिप आहे. मला ते आवडत नाही, कारण दर वेळी ते वरची चांदी थोडी खातं. पण निदान मार्ग आहे. रंगीत नाण्याला ॲसिटोन लावा, शाईच विरघळायला लागेल. डिपमध्ये घाला, आम्ल रंगाच्या कडेखाली शिरेल. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचं गरम पाणी हा घरगुती उपाय करायला जाल, तर रंग सुटण्याची धास्ती. ज्याची निगाच राखता येत नाही अशी वस्तू 'पिढ्यान्‌पिढ्या जपण्याचा ठेवा' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. तिला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

१९९२ मध्ये पलाऊ या चिमुकल्या देशाच्या नावाने समुद्रजीवांची रंगीत नाणी निघाली, आणि बघता बघता जगभरच्या टांकसाळींनी तोच रस्ता धरला. सिलिकॉनच्या मऊ गादीने कोरीव पट्टीवरची शाई उचलायची आणि नाण्यावर टेकवायची, याला पॅड प्रिंटिंग म्हणतात. पेनावर कंपनीचं नाव छापायची पद्धतही हीच. जिथे कोरक्याने पिसाची एकेक रेघ उठवायची, तिथे आता छपाई होते. यापेक्षा वाईट धंदा टांकसाळीबाहेरच्या व्यापाऱ्यांचा. अमेरिकेचं सिल्व्हर ईगल १९८६ पासून निघतं. ते विकत घ्यायचं, वर झेंडा रंगवायचा आणि चढ्या भावाने विकायचं. डागाळलेलं नाणंही अशा रंगाखाली खपून जातं.

आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारी टांकसाळ महामंडळाने रामलल्लाचं ५० ग्रॅमचं, ९९९ शुद्धतेचं रंगीत स्मृतिनाणं काढलं. असं नाणं आपल्या घरांत कुठे जाईल? देव्हाऱ्यात. तिथे उदबत्तीचा धूर, हळदकुंकू, दुधापाण्याचा अभिषेक, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रांगोळीने घासून चांदी लख्ख करायची पिढीजात सवय. साध्या चांदीने हे सगळं शेकडो वर्षं सोसलं आहे. शाईने कसं सोसावं?

मनात आणलं तर टांकसाळींना जमतं. मेपल लीफ या चांदीच्या नाण्यांवर दुधाळ डाग पडतात म्हणून संग्राहक वर्षानुवर्षं बोंबलत होते. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ पासून त्या नाण्यांवर डाग रोखणारी खास प्रक्रिया सुरू केली. रंगाबद्दल अशी बोंब अजून कुणी मारलेली नाही, कारण घेणाऱ्यांतले बहुतेक जण नाणं खोक्यात ठेवून विसरून जातात. माझ्या पक्ष्याच्या नाण्यासोबत गुळगुळीत कागदाचं प्रमाणपत्र आलं होतं. त्यावर क्रमांक आहे, सही आहे, पक्ष्याचं शास्त्रीय नाव आहे. शाई कशाची, तिला काय चालत नाही, कॅप्सूलमधली फेसाची कडी कोणत्या पदार्थाची, यातलं एक अक्षर नाही. हे सगळं छापलं गेल्याशिवाय रंगीत नाण्यावर एक रुपयाही जास्त मोजू नका, असं मी नव्या संग्राहकांना सांगतो आणि सांगत राहणार आहे.

पक्ष्याचं नाणं मी विकणार नाही. दुसऱ्याच्या गळ्यात का मारू? पुढच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर ते १८६२ च्या रुपयाशेजारी ठेवणार आहे, भिंगासकट.