नोटेवरचं वाक्य आधी वाचा

जुन्या नोटा जमवणाऱ्यांशी बोलताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. नोट कोरी आहे का, घडी पडली आहे का, नंबर कसा आहे, प्लास्टिकच्या पाकिटावर सत्तरपैकी किती गुण लिहिले आहेत, यावर तासन् तास चर्चा होते. नोटेवर काय लिहिलंय, हे मात्र फारसं कुणी वाचत नाही.

अमेरिकेने 1929 साली आपल्या नोटांचा आकार कमी केला, कारण छोटी नोट छापायला कमी खर्च येतो. 1928 मालिकेच्या या लहान नोटांमध्ये लाल शिक्क्याच्या होत्या, निळ्या शिक्क्याच्या चांदीच्या होत्या आणि पिवळ्या शिक्क्याच्या सोन्याच्याही होत्या. दहा डॉलरच्या सुवर्ण प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहिलं होतं, की दहा डॉलर खजिन्यात जमा आहेत आणि नोट आणून देणाऱ्याला मागताक्षणी ते सोन्याच्या नाण्यांत मिळतील.

हे वचन चार-पाच वर्षंही टिकलं नाही. 5 एप्रिल 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला : सोनं आणि सुवर्ण प्रमाणपत्रं सरकारकडे जमा करा. आदेश मोडणाऱ्याला दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षं कैद, किंवा दोन्ही. दुर्मीळ नाणी जमवणाऱ्यांना सूट होती, प्रमाणपत्रं जमवणाऱ्यांना नव्हती. पुढे जानेवारी 1934 मध्ये सोन्याचा भाव औंसाला 20.67 डॉलरवरून 35 डॉलर करण्यात आला. म्हणजे लोकांकडून जुन्या भावाने घेतलेलं सोनं सरकारच्या तिजोरीत आल्यावर महागलं!

नॉर्ट्झ नावाचा गृहस्थ कोर्टात गेला. त्याने 1,06,300 डॉलरची प्रमाणपत्रं जमा केली होती आणि त्याला साधे कागदी डॉलर मिळाले होते. 1935 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तुझं प्रत्यक्ष नुकसान झालेलं नाही. ही प्रमाणपत्रं बाळगण्याची मोकळीक लोकांना मिळाली ती 1964 साली, तीही सोनं न मिळण्याच्या अटीवर.

आज या नोटा मिळतात, कारण कुणीतरी त्या परत केल्या नाहीत. कुणी विसरलं असेल, कुणी घाबरत घाबरत लपवल्या असतील. दुर्मीळपणा छापखान्यात जितका ठरतो तितकाच जप्तीत आणि भट्टीत ठरतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 2016 च्या नोटबंदीनंतर 2017 मध्ये आपल्याकडेही कायदा झाला : रद्द नोटा दहापेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, आणि अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपेक्षा जास्त नाहीत. आपल्या नोटेवरही ‘अदा करण्याचे वचन देतो’ असंच लिहिलेलं असतं.

सरकारला अडचणीच्या काळात कठोर निर्णय घ्यावे लागतात, हे मला मान्य आहे. मंदीत बँका कोसळत होत्या, रूझवेल्ट यांच्यापुढे सोपे पर्याय नव्हते. पण वचन ही अमानत असते. ती मोडावी लागली तर मोडली असं कबूल करायला हवं. ‘तुझं नुकसान झालंच नाही’ असं वर ऐकवू नये.

म्हणून संग्राहकांना माझं सांगणं एवढंच : गुण आणि भाव जरूर बघा. पण त्या कागदावर कुणी कुणाला काय कबूल केलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हेही नोटेसोबत लिहून ठेवा. वारसांना नोटेची किंमत कुठलाही व्यापारी सांगेल, हा हिशेब तो सांगणार नाही.