सुकाणूस तेलाचें बळ

मोटार हाकणाऱ्याच्या हातांतील चाकास व्यवहारांत स्टिअरिंग म्हणतात. आणि तें चाक हलकें फिरावें म्हणून तेलाच्या दाबाची जी योजना केलेली असते, तीस पॉवर स्टिअरिंग. ही योजना म्हणजे पैसेवाल्यांचा ऐषाराम असून तिनें ड्रायव्हर आळशी होतो, असें मत आमच्या नगर जिल्ह्यांत अद्यापि ऐकूं येतें. तें आम्हांस मान्य नाहीं. परंतु या योजनेचें मर्म न जाणतां तिजवर विसंबणारे जे आहेत, त्यांच्याशीं आमचें भांडण अधिक मोठें आहे. पहिल्यांच्या अज्ञानानें खांदे दुखतात. दुसऱ्यांचें अज्ञान जिवावर बेततें.

ऐषारामाच्या आक्षेपास इतिहासच उत्तर देतो. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस हा इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटारींच्या खात्यांत होता. अवजड मालमोटार वळवितांना हाकणाऱ्याचे होणारे हाल त्यास ठाऊक होते, आणि नोकरी सोडल्यावर त्यानें याच प्रश्नाचा पिच्छा पुरविला. १९२६ सालीं त्यानें आपली युक्ति एका गाडीवर बसवून दाखविली. ती महाग पडते म्हणून कारखानदारांनीं पुढें ती बाजूस ठेविली. दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांना तिचा उपयोग झाला, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींतून ती प्रथम सामान्य गिऱ्हाइकापुढें आली. म्हणजे या वस्तूचा विचार सुचला तो ओझ्याच्या गाडीवरून. श्रीमंतांच्या गाडीस ती मागाहून मिळाली.

आतां तिची रचना पाहूं. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित पास्कल याचा सिद्धांत आमचे विद्यार्थी वर्गांत पाठ करितात. पॉवर स्टिअरिंग त्याच सिद्धांतावर उभें आहे. इंजिनाच्या पट्ट्यानें किंवा दांत्यांनीं एक लहानसा पंप फिरत राहतो व टाकींतील तेल सारखें पुढें ढकलीत असतो. सुकाणूच्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं एक झडप असून तिच्या आंत पोलादाची बारीक सळई असते. चाक सरळ आहे तोंवर तेल झडपेंतून नुसतें वाहून टाकींत परत जातें. ड्रायव्हर चाक वळवूं लागला कीं रस्त्यावरील टायर अडून राहतात, सळईस किंचित् पीळ पडतो, आणि तेवढ्यानें झडपेची एक वाट उघडते, दुसरी मिटते. मग दाबाचें तेल दट्ट्याच्या एका अंगास शिरतें, पलीकडचें टाकीकडे परततें, आणि सरकणारा दट्ट्या पुढचीं चाकें वळवितो. दर चौरस सेंटिमीटरास ८० किलोचा दाब व दट्ट्याचें क्षेत्र २० चौरस सेंटिमीटर धरिलें, तर १,६०० किलोचा जोर झाला. एवढा जोर मनुष्याच्या दोन हातांत कोठून यावा? चाकें हवीं तितकीं वळतांच सळईचा पीळ सुटतो, झडप मध्यावर येते व मदत थांबते. आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें या सळईचें. कोणीकडे व किती वळावयाचें हें तेल ठरवीत नाहीं. हात ठरवितो, आणि सळई त्याचा इशारा तेलास कळविते.

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, संगमनेर या भागांत गाळपाच्या हंगामांत जो फिरला असेल, त्यास या यंत्राची गरज सांगावयास नको. मागें उसानें लादलेल्या दोन ट्रॉल्या जोडून रात्रीच्या रात्री ट्रॅक्टर चालतात. शेताच्या बांधावरून व कारखान्याच्या गर्दींतून ते मुंगीच्या गतीनें वळवावे लागतात, आणि गति जितकी मंद तितकें सुकाणू जड. अशा माणसास दोन पैसे जास्त देऊन हें साधन घेऊन दिलें तर मालक उधळ्या ठरत नाहीं. मात्र एक गोष्ट त्या माणसानेंही ध्यानांत ठेवावी. मागचा भार बेसुमार झाला म्हणजे ट्रॅक्टरचें तोंड उचलल्यासारखें होतें व पुढचीं चाकें रस्ता सोडूं लागतात. त्या वेळीं सुकाणू अत्यंत हलकें लागतें, आणि तें तसें लागणें हीच धोक्याची खूण होय. तेल चाक वळवील. रस्ता धरणें हें टायरांचें काम आहे, आणि तें पुढच्या वजनावांचून होत नाहीं.

परंतु आमचा मुख्य कटाक्ष आहे तो घाटांतील एका खोडीवर. इमामपूरचा घाट घ्या, पाथर्डीच्या वाटेवरील करंजीचा घ्या, किंवा संगमनेर तालुक्यांतील चंदनापुरीचा घ्या. उतार लागला कीं डिझेल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे महाभाग कोठेंही आढळतात. इंजिन थांबलें कीं पंप थांबला, आणि पंप थांबला कीं दट्ट्या मुका झाला. चाक आणि दांडा यांचा सांधा मोटारींत व ट्रकमध्यें कायम असल्यामुळें गाडी अगदींच हातची जात नाहीं. पण एका बोटानें फिरणारें चाक ऐन वळणावर दोन्ही हातांस दाद देत नाहीं, आणि ज्यानें हें पूर्वीं कधीं अनुभविलेलें नसतें त्याची भीतीनेंच गाळण उडते. कित्येक ट्रॅक्टरांत तर हा सांधाही नसून सर्व कारभार तेलाच्या नळ्यांवर चालतो. तिकडे ट्रकचा हवेचा कॉंप्रेसरही बंद पडलेला असतो, व ब्रेकच्या प्रत्येक दाबण्याबरोबर टाकींतील हवा उणी होत जाते. किल्ली काढून घेण्याचा अतिशहाणपणा केला तर कित्येक गाड्यांचें सुकाणू जागच्या जागीं कुलूपबंद होतें. आणि हें सारें कशासाठीं? आजच्या बहुतेक इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं इंधन आपोआप तुटतें, शिवाय इंजिनाचा अटकाव फुकट मिळतो. वांचविण्यासारखें तेथें कांहीं उरलेलेंच नसतें.

लहान मोटारींत तेलाऐवजीं विजेच्या मोटरीनें हें काम करण्याची रीत आतां पुष्कळ पसरली आहे. अवजड गाड्यांत तेलाचाच अंमल मोठा आहे. म्हणून गाडी चालविण्यास शिकविणाऱ्यांस आमचें सांगणें असें, कीं नव्या उमेदवारास मोकळ्या सपाट मैदानांत उभ्या गाडीवर बसवावें, इंजिन बंद करून चाक फिरवावयास लावावें, आणि मग इंजिन सुरू करून तेंच पुन्हां करावयास लावावें. दोन मिनिटांचें काम आहे, व त्यास पैसा पडत नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतही एक जाड व एक बारीक अशा दोन सुयाविरहित पिचकाऱ्या पाणी भरून नळीनें जोडाव्या. बारीक पिचकारीवर लहान मुलाचा अंगठा ठेवावा, आणि जाड पिचकारीचा दट्ट्या वर्गांतील सर्वांत दांडग्या गड्यानें दाबून धरण्याचा प्रयत्न करावा.