म्हाताऱ्यांची जबानी आजच लिहून घ्या



गेल्या महिन्यात माझी आजी वारली. वाडीत लहानथोर सगळे तिला बाय म्हणायचे. शेवटचे वीस दिवस ती उल्हासनगरला, कॅम्प ४ मध्ये, माझ्या भाड्याच्या खोलीत होती. दवाखाना जवळ पडतो म्हणून आणली होती. तिथंच गेली. रात्रीच टेम्पो करून तिला मलंगगडाच्या पायथ्याला आपल्या वाडीत नेली. त्यामुळे हा अंक उशिरा निघतोय, माफी असावी.

संपादकीयात घरचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण बायच्या जगण्यात आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे, म्हणून लिहितो.

बाय ख्रिस्ती होती, आणि मनापासून होती. जपमाळ कायम कमरेला. फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी चार बाया गोळा करून तीच प्रार्थना घ्यायची. क्रूसाची खूण केल्याशिवाय भाकर मोडायची नाही. आणि तीच बाय राब भाजायच्या दिवसात अंधारातच रानात असायची. आवणीला गुडघाभर चिखलात असायची. आजा लवकर गेला. मग उतारावर दगड रचून बांध तिनेच घातले. खाचरात भात, वर माळाला नाचणी आणि वरई. त्यावर तिने पाच पोरं आणि आम्ही नातवंडं वाढवली.

त्या जमिनीसाठी तिला एकदा दंड भरावा लागला. त्याची पावती तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद फेकायचा नाही एवढं कळत होतं.

कॅम्प ४ मध्ये आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना इथल्या जुन्या लष्करी छावणीत ठेवलं, म्हणून आजही इथं कॅम्प म्हणतात. तिकडे राहिलेल्या घराजमिनीचे दावे त्यांनी १९५० च्या कायद्याखाली भरले. त्यांनाही पुरावाच मागितला होता. सासऱ्याने पेटीत घालून कागद कसे आणले ते त्या आजी सांगत होत्या. बाय पडल्या पडल्या हसली आणि म्हणाली, "पोरा, माझं पुस्तक दे." पावती काढून तिने त्यांना दाखवली.

आता कायद्याचं बोलू. वन हक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासूनचे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसत असलो पाहिजे. दाव्याला नियम १३ मधले निदान दोन पुरावे लागतात. सरकारी कागद हा एक पुरावा. घर, बांध, सपाट केलेली जमीन हाही पुरावा. जुनी विहीर, देवस्थान, मसणवटा हाही पुरावा. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी हासुद्धा पुरावा. मात्र ती जबानी दावेदाराची स्वतःची चालत नाही, दुसऱ्याची लागते.

बायच्या दाव्याच्या वेळी ग्रामसभेत एकजण उठला. म्हणाला, "ही तर ख्रिस्ती, ही कसली आदिवासी?" सभा गप्प झाली. बाय उभी राहिली. म्हणाली, "प्रार्थना मी येशूची करते. जमीन माझ्या सासऱ्याने फोडली. दोन्ही माझं आहे." मग वाडीतले बाकीचे म्हातारे तिच्या बाजूने बोलले. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. धर्म बदलला म्हणून आपोआप जमात जात नाही. आपल्यात धर्मावरून फूट पडली तर जमीन कोणाचीच राहणार नाही, हे भावांनो लक्षात ठेवा.

बायांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे नवराबायको दोघं असतील तर पट्टा दोघांच्या नावाने होतो. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावाने होतो. हक्क वारसाने पुढे जातो, विकता येत नाही. बायचा दावा तिच्याच नावाने भरला होता. पट्टा बघायला मात्र ती राहिली नाही. आता वारसांची नावं लावायचा अर्ज आम्ही दिला आहे.

आणि आता माझी चूक सांगतो. वाडीतली कुठली खाचरं कोणी फोडली, कोणाचा बांध कुठवर, हे बायला तोंडपाठ होतं. तिची जबानी आम्ही तीन घरांसाठी लिहून घेतली. सात घरं राहिली होती. आवणी संपू दे, सण होऊ दे, असं म्हणत मी दिवस काढले. कॅम्पातल्या खोलीत तिने दोनदा विचारलं, "लिहायचं होतं ना रे?" मी म्हटलं, बरी हो, मग लिहू. ती सात घरांची साक्ष बायबरोबर मातीत गेली.

मातीला अख्खी वाडी आली. खांदा देताना धर्म कोणी विचारला नाही. जुन्या मसणवट्यात, आज्याच्या शेजारी तिला ठेवली.

प्रत्येक वाडीने या महिन्यात एवढं करावं. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांची यादी करा. वन हक्क समितीपुढे बसवून त्यांची जबानी लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या, तारीख घाला. एक प्रत समितीकडे द्या, एक घरात जपून ठेवा. पावसाची वाट बघू नका, सणाची बघू नका. लिहिणारा नसेल तर निरोप द्या, मी येतो.