विषाणूचे वाण आणि आपली लाज



महिला मंडळाच्या बैठकीत साखर, रक्तदाब, सांधेदुखी यांवर आपण मोकळेपणाने बोलतो. एचआयव्हीचे नाव निघाले की मात्र आवाज खाली जातो, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला तर बैठकच आटोपते. या दोन आजारांचे नाते समजून न घेतल्याने आपल्या आयाबहिणींचे जीव जातात. म्हणून आज तेच समजून घेऊ.

हा कर्करोग होतो तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे. हा विषाणू एकच एक नाही. ज्वारीचे जसे अनेक वाण, तसे याचे दोनशेहून अधिक प्रकार असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना १६ आणि १८ हे दोन क्रमांक कारणीभूत असतात. ३१, ३३, ३५, ५२, ५८ हेही घातकच. शिवाय १६ क्रमांकाच्या पोटात पुन्हा चार शाखा आहेत आणि त्यांचा घातकपणा सारखा नाही.

एचआयव्ही सतत रूप बदलतो; एचपीव्ही फार सावकाश बदलतो. मग एचआयव्ही असलेल्या भगिनीच्या शरीरात एचपीव्हीचे अनेक प्रकार एकाच वेळी का सापडतात? कारण आलेला प्रकार लवकर जात नाही. एरवी शरीर या विषाणूला बहुधा एक-दोन वर्षांत हाकलून देते. सीडी-फोर पेशी घटल्या की पहारा ढिला पडतो. एकाचा मुक्काम हललेला नसतानाच दुसरा येऊन बसतो. वर्षानुवर्षे राहिलेला विषाणू पेशी बिघडवतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एआरटीच्या गोळ्यांनी पहारा मजबूत होतो, त्या कधीही चुकवू नयेत. पण गोळ्या घेतल्या म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. तसेच पुण्याच्या सीरम संस्थेची सर्वाव्हॅक लस ६, ११, १६ व १८ या क्रमांकांसाठी आहे. मुलींना ती अवश्य द्यावी, पण उरलेल्या क्रमांकांसाठी पुढे तपासणी हवीच. एचआयव्ही असलेल्या स्त्रीने ही तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करून घ्यावी.

तपासणीने काय साधते, याचा दाखला आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्यात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४. एका तपासणीने एवढा फरक पडला! तपासणी न झालेल्या त्याही आपल्याच आयाबहिणी होत्या, हे विसरू नये.

तरीही आपण जात नाही, कारण लाज. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे. परंतु बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो होतोच. तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. पुष्कळदा तो नवऱ्याकडून आलेला असतो आणि बोल मात्र बायकोला लागतो. कायदाही आपल्या बाजूने आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचारात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची गुप्तता राखावी लागते.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि इतर भिक्खूंना रुग्णसेवेचा धडा दिला. त्या धम्माचे आपण अनुयायी. मग आपल्या वस्तीतील बाधित भगिनीचा कप वेगळा कसा ठेवतो?

उस्मानपुऱ्यापासून घाटी रुग्णालय आणि आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नका. काही नसले तरी तपासणी करा, कारण सुरुवातीला हा आजार दुखत नाही. आणि एखादी भगिनी एकटी जायला कचरत असेल, तर तिच्यासोबत जा. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसणे हीदेखील मैत्रीभावनाच आहे.