चित्र अडखळते तेव्हा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या विद्यार्थ्यांनी एक माहितीपट करावयाचे मनावर घेतले. आपल्या हिमायतनगरात आणि आसपासच्या गल्ल्यांत जी वृद्ध मराठी मंडळी राहतात त्यांनी आपले बालपण सांगावे, मुलांनी ते टिपून घ्यावे आणि त्यातून पंधरा मिनिटांचे चित्र जुळवावे, असा तो बेत होता. बेत आम्हांस फार आवडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला, आणि कालपर्यंत राजधानीत राहणारी येथील मराठी घरे आपल्या भाषेच्या मुलखाबाहेर राहिली. त्याच्या आधीचे हैदराबाद ज्यांनी स्वतः पाहिले, अशी माणसे आता दर वर्षी कमी होत आहेत.

अशाच एका आजोबांकडे मुले गेली. वय पंचाऐंशीच्या घरात. १९४८ च्या सप्टेंबरात ते आठ वर्षांचे होते. घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि थोरल्या भावाच्या दप्तरात उर्दू, अशा तीन भाषांतून त्यांचे बालपण गेले. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामांचे भाषण रेडिओवर ऐकावयास वाड्यातील मंडळी कशी जमली, हे ते सांगत होते. एका पालकांच्या मोबाइलवर चाळीस मिनिटांचे चित्रण झाले. मुले आनंदाने नाचतच परत आली.

दुसऱ्या दिवशी ते चित्रण संगणकावर संपादनासाठी चढविले, आणि आनंद तेथेच संपला. आजोबा दोन वाक्ये बोलत, की चित्र गोठे; आवाज पुढे धावे, मग चित्र उडी मारून त्याला गाठे. शेवटी शेवटी तर ओठ एक सांगत आणि कानांवर दुसरेच येई. आमची मातृभाषा कोंकणी. मराठी आम्ही बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत पाहत आपलीशी केली, ती खोड अद्यापि सुटलेली नाही. म्हणून ओठांचा आणि आवाजाचा काडीमोड झाल्याचे प्रथम आमच्याच ध्यानात आले. मुलांचा निकाल मात्र तयार होता. “बाई, फाइल खराब झाली. पुसून टाकू या, पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ.”

आम्ही कला शाखेच्या पदवीधर; यंत्रविद्येशी आमचा संबंध बेताचाच. तरी “पुसून टाकू या” हे शब्द आम्हांला रुचले नाहीत आणि फाइल आम्ही पुसू दिली नाही. तो पुढचा रविवार आलाच नाही. आजोबा त्याच आठवड्यात वारले.

आता प्रश्न चित्रपटाचा उरला नव्हता. त्या माणसाचा आवाज आणि चेहरा एवढ्या एकाच फाइलीत होता.

त्यानंतरच्या आठ दिवसांत वर्गात जे चालले ते पाहून आमचे एक मत बनले, आणि ते येथे मांडावे म्हणूनच हा लेखनप्रपंच. चित्र अडखळले की आपण एकदम दोनच टोके गाठतो: एक तर वस्तू टाकून द्यावयाची, नाही तर नवे यंत्र आणावयाचे. बिघाड नेमका कोठे आहे हे शोधण्याची मधली वाट आपल्या मुलांना कोणी दाखवीतच नाही. एका पालकांनी शाळेला नवा संगणक देऊ केला. त्यांचे मन मोठे, यात शंका नाही. पण तो संगणक आला असता तरी ओठ आणि आवाज जुळले नसते, हे पुढे दिसून आले.

पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: दोष चित्रात आहे, की चित्र दाखविण्यात? मुलांनी तीच फाइल संपादनाच्या बाहेर, साध्या प्लेअरवर लावून पाहिली तेव्हा ती सरळ चालली. म्हणजे अर्धा निकाल तेथेच लागला. संपादनाच्या आज्ञावलीत ती पुन्हा लावली तेव्हा दर खेपेस निराळ्याच ठिकाणी अडली. फाइलच फुटलेली असती तर ती बहुधा प्रत्येक वेळी त्याच जागी अडली असती. जागा बदलते, त्या अर्थी चित्र धड आहे आणि ते उलगडणाऱ्याला धाप लागली आहे.

धाप का लागते, हे समजून घेण्याजोगे आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले आणि सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या, तर एका सेकंदाला १८ कोटी ६६ लाख बाइट लागतात. चाळीस मिनिटांचे गणित मुलांनी फळ्यावर केले. सुमारे ४४८ गिगाबाइट आले! एवढा पसारा मोबाइलमध्ये मावावयाचा नाही, म्हणून तो चित्र दाबून साठवितो. एच.२६४ किंवा एचईव्हीसी ही जी नावे तुम्ही वाचता, ती या दाबण्याच्या पद्धतींची होत. त्यांची युक्ती आपल्या किराणा दुकानदाराच्या वहीसारखी आहे. दुकानदार पहिल्या ओळीत सगळे नाव लिहितो आणि खाली नुसते ‘वरीलप्रमाणे’ लिहून जे बदलले तेवढेच नोंदवितो. तसेच येथे पूर्ण चित्र मधूनमधूनच साठविलेले असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले एवढीच टिपणे असतात. वही सरळ वरून खाली वाचणाऱ्याला त्रास नाही. पण संपादक मध्येच विसाव्या ओळीवर बोट ठेवतो, तेथून मागे जातो, पुढे येतो. आणि त्या प्रत्येक वेळी बिचाऱ्या यंत्राला पहिल्या ओळीपासून ‘वरीलप्रमाणे’ उलगडीत यावे लागते. साधा प्लेअर जेथे सुखाने चालतो तेथे संपादनाची आज्ञावली का अडखळते, याचे हे एक मोठे कारण आहे.

यावर उपाय नव्या संगणकाचाच पाहिजे असे नाही. चित्रण पेन ड्राइव्हवर ठेवून मुले काम करीत होती. ते संगणकाच्या आतील डिस्कवर उतरविताच थोडा फरक पडला. पूर्वदृश्य अर्ध्या आकाराने दाखवावयास सांगितले की ठिपके एकचतुर्थांश होतात. तयार होणाऱ्या चित्रपटाच्या गुणवत्तेला त्याने बाध येत नाही. सर्वांत गुणकारी ठरली ती प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्राची हलकी नक्कल. काटछाट नक्कलेवर करावयाची, आणि शेवटी चित्रपट बाहेर काढताना आज्ञावली त्याच जागी मूळ चित्र घालते. शॉटकट, केडेनलाइव्ह यांसारख्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींतही ही सोय आहे. एक मुलगा घरून टेबलफॅन घेऊन आला आणि लॅपटॉपसमोर लावून बसला, तेव्हा सारा वर्ग हसला. हसणारे चुकले होते. तापलेले यंत्र स्वतःला जपण्यासाठी आपला वेग उतरविते, आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात ते तापावयास फार वेळ लागत नाही. वीज न जोडता केवळ बॅटरीवर चालविले तरीही पुष्कळदा ते हात आखडता घेते.

मात्र मुलांची एक चूक येथे सांगितलीच पाहिजे. एका संध्याकाळी त्यांनी पाच उपाय एकदम केले. चित्र सुधारले, पण कशाने सुधारले हे कोणासच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बिघडले तेव्हा पुन्हा आरंभापासून सुरुवात! एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काय झाले ते वहीत लिहावे आणि मग दुसरीकडे वळावे, ही शिस्त आम्ही त्यांना लावली तेव्हा ती त्यांस जाचक वाटली. तीन दिवसांनी तीच वही ते एकमेकांपासून लपवू लागले, यावरून तिची किंमत त्यांना कळली असावी.

ओठ आणि आवाज यांचा घोळ निराळा होता. पुष्कळ मोबाइल चित्रण करताना सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतात, वाढला की वाढवितात. संपादनाच्या आज्ञावलीला एकसारखी चाल लागते. यातील तफावत लहान दिसते, पण साचत जाते. सेकंदाला २९.९७ फ्रेमचे चित्र कोणी ३० चे समजून चालविले, तर चाळीस मिनिटांअखेर सुमारे २.४ सेकंदांची फारकत पडते. आरंभी सर्व ठीक आणि शेवटी बिघाड, असे दिसले की संशय येथेच घ्यावा. मूळ फाइलीची एकसारख्या चालीची प्रत हँडब्रेक या आज्ञावलीने करून घेतली आणि घोळ मिटला.

हा रोग नवा आहे असे कोणी समजू नये. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार चार छिद्रे असतात. त्या छिद्रांत दाते अडकून फिल्म पुढे सरकते. छिद्रे वाकडीतिकडी पडली की पडद्यावर चित्र थरथरते. दादासाहेब फाळक्यांच्या वेळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येई आणि ती घरीच पाडावी लागत. हे काम अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके करीत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्यामागे त्यांच्या बोटांचे श्रम आहेत. त्याआधी दादासाहेबांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा लहानसा चित्रपट केला होता. मोठ्या कामास हात घालण्यापूर्वी लहान कामावर यंत्राची आणि स्वतःची परीक्षा पाहण्याची ही रीत आमच्या मुलांनी उचलावी असे आम्हांस वाटते. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला, तेव्हापासून तर चित्र आणि ध्वनी यांची सांगड हा मराठी चित्रपटांचा रोजचा प्रश्न झाला. आणि हे सारे श्रम जतन झालेच असेही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ आज पुरता उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळे जळाली. फिल्म आगीत जाते, मोबाइलमधील फाइल बोटाच्या एका स्पर्शाने जाते, एवढाच फरक.

परंतु आमच्या मनात घर करून राहिले ते निराळेच. चित्र अडखळे त्या त्या ठिकाणी मुलांनी आधीच कात्री चालविली होती. एके ठिकाणी चित्रही थांबले होते आणि आवाजही. रेडिओपाशी सारे जमले, एवढे सांगून आजोबा गप्प झाले होते, आणि पुढे अकरा सेकंद काही नव्हते. हा तर सर्वांत मोठा बिघाड, असे ठरवून ती अकरा सेकंदे छाटून टाकलेली होती. प्रॉक्सी तयार झाल्यावर आम्ही सर्व कापलेले तुकडे परत लावावयास सांगितले. बाकीचे अडथळे नाहीसे झाले. ही अकरा सेकंदे तशीच राहिली. मुले पुन्हा कात्रीकडे वळली, तोच एक मुलगी म्हणाली, “थांबा, मागचा पडदा हलतोय.” खरोखरच आजोबांच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता. चित्र चालू होते. माणूस थांबला होता.

ती शांतता आम्ही चित्रपटात ठेवली. संमेलनाच्या दिवशी ती आली तेव्हा मागच्या रांगेतून एक लहान मुलगा ओरडला, “अटकलं!” पुढे बसलेल्या आजोबांच्या कन्या मागे वळून त्याला म्हणाल्या, “नाही रे बाळा, ते तसेच थांबायचे.”

कोणी म्हणेल की हे संगणकाच्या शिक्षकांचे क्षेत्र. भाषेच्या शिक्षकांनी यात का पडावे? बोलणाऱ्याचे थांबणे आणि यंत्राचे थांबणे यांतील भेद ओळखावयाचा असेल तर आम्हांला यात पडलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. म्हणून यंदापासून नववीच्या मराठीच्या तासांपैकी महिन्यातून एक तास चित्रण आणि संपादन यांस द्यावा, आणि मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्यावाचून कोणी कात्री हाती घेऊ नये, अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांकडे केली आहे. पहिली गोष्ट विचाराधीन आहे. दुसरी आम्ही आमच्यापुरती सुरू केली आहे. एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात आहे, दुसरी आजोबांच्या घरी.

पालकांस एक विनंती. आपल्या घरातील वडील माणसांचे चित्रण आपल्यापाशी असेल तर ते निरोपाच्या ॲपवरून आमच्याकडे धाडू नये. वाटेत ते आणखी दाबले जाते आणि पडद्याची हालचालसुद्धा पुसट होते. शनिवारी मधल्या सुटीत मोबाइलच ग्रंथालयात घेऊन यावा. नववीची मुले तेथे केबल घेऊन बसलेली असतात.