अज्ञान भागीदार

दर्शनाला आणलेल्या तान्ह्या बाळाचे दोन्ही तळहात आजी आपल्या हातांत धरून जुळवते. हे शेकडो वेळा झाले, की वर्षाचे होता होता मूर्ती दिसताच ते बाळ आपणहून हात जोडू लागते आणि घराला आनंदाचे भरते येते. "मागच्या भवाचे संस्कार घेऊन आला आहे," असे एकजण म्हणतो. "लेकरांना देव जन्मतःच ठाऊक असतो," असे दुसरा म्हणतो. रनाळे, दोंडाईचा, नंदुरबार या आमच्या पट्ट्यातील जैन घरांत ही दोन्ही वाक्ये मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. ती एकाच अर्थाची समजली जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात फार अंतर आहे, आणि दुसरे वाक्य तर आपल्या दर्शनात बसतच नाही.

नवजात बालकाला ईश्वराची जाणीव असते का, हा प्रश्न प्रयोगाने सोडवण्याचा खटाटोप आपल्याच देशात एकदा झालेला आहे. प्रत्येक मूल धर्माची ओढ घेऊनच जन्मते, असे इस्लामी परंपरेत एक वचन आहे. सम्राट अकबराच्या मनात त्याची परीक्षा पाहण्याचे आले. इतिहासकार बदायुनी लिहितो, की सुमारे वीस तान्ही मुले आयांना पैसे देऊन घेतली गेली आणि वस्तीपासून दूर एका घरात ठेवली गेली. दायांना त्यांच्याशी एक शब्दही बोलण्याची मनाई होती. ही मुले कोणत्या धर्माकडे वळतात आणि कोणता मंत्र उच्चारतात, हे बादशहाला पाहायचे होते. 1582 च्या ऑगस्टमध्ये अकबर स्वतः तेथे गेला, तेव्हा त्या घरातून एकही शब्द ऐकू आला नाही, अशी नोंद अबुल फजलने केली आहे. मुले मुकी निघाली. बदायुनीच्या म्हणण्यानुसार त्यांपैकी कित्येक दगावलीही. लोकांनी त्या घराला 'गुंग महल' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, 1583 मध्ये, त्याच बादशहाच्या निमंत्रणावरून आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्रीला पोहोचले आणि पर्युषणात प्राणिहत्या थांबवण्याचे फर्मान निघाले. ते फर्मान आपण दरवर्षी व्याख्यानात अभिमानाने ऐकतो. त्याच्याच शेजारी गुंग महलाचे पान आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. मुलांच्या किमतीची ती रक्कम शाही हिशेबात कोणत्या खाती पडली असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या जन्मभर खातेवह्या तपासलेल्या माणसाला उगाचच छळत राहतो.

त्या क्रूर प्रयोगातून देवाविषयी काहीच सिद्ध झाले नाही. माणसाचा शब्द कानी न पडलेले मूल माणसाचा शब्द शिकत नाही, एवढेच कळले.

आधुनिक मानसशास्त्राने हा विषय पुष्कळ सौम्य मार्गाने हाताळला आहे. डेबोरा केलेमन या अमेरिकी संशोधिकेने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना विचारले, की खडक टोकदार का असतात? प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून, अशा धर्तीची उत्तरे मुलांना पसंत पडली. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी केलेली आहे, असे मुलांना वाटते. मग ती कोणीतरी केलेली असणार, ही पुढची पायरी सोपी. जस्टिन बॅरेट यांनी 2012 मध्ये याच विचारावर एक पुस्तक लिहिले आणि मुले जन्मजात श्रद्धाळू असतात, असे त्याला नाव दिले. परंतु त्यांचेही म्हणणे नवजात बाळाला देव ठाऊक असतो असे नाही. देवाची कल्पना रुजण्याजोगी जमीन मुलाच्या मनात तयार असते, इतकेच आहे. शिवाय केलेमन यांच्या अभ्यासातील मुले बोलती, शाळेच्या वयाची होती. तोवर घराने त्यांच्या कानांत काय काय घातलेले असते, ते वेगळे कसे काढणार? नवजात बाळाबद्दल भक्कमपणे सांगता येते ते फार थोडे. उदाहरणार्थ, जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच ते आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजापासून वेगळा ओळखते, हे 1980 मध्ये दाखवले गेले.

येथे जैन वाचकाने थोडे थांबावे. मुलाच्या मनाचा ओढा खरोखरच कर्त्या ईश्वराकडे असेल, तर तो आपल्या सिद्धांताला अनुकूल आहे की प्रतिकूल? आपण लोक अनादि-अनंत मानतो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले आहे. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथारीवर पसरलेले लाल शेत पाहून नातू विचारतो, "आजोबा, हिरवी मिरची लाल कोणी केली?" आणि आपण सवयीने "देवबाप्पाने" असे सांगून मोकळे होतो. वर्ण हा पुद्गलाचाच गुण आहे आणि त्याचे पर्याय बदलत असतात, हे पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगायला कष्ट पडतात. म्हणजे ही ओढ जन्मजात असलीच, तर ती जोपासण्याचे नव्हे, हळूहळू सोडवण्याचे काम पाठशाळेकडे येते!

मग जीव जन्माला येताना सोबत काय आणतो? शास्त्राने प्रत्येक संसारी जीवाला चार संज्ञा सांगितल्या आहेत: आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. गालाला बोट लागताच बाळ दुधासाठी तोंड वळवते, मोठ्या आवाजाने दचकते, आणि तळहातावर बोट ठेवले की मूठ घट्ट आवळते. व्यापाऱ्याच्या घरी ती मूठ पाहून सगळेच हसतात, आणि शास्त्रकारांनी परिग्रह का म्हटले ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाचवी, ईश्वराची, संज्ञा या यादीत नाही.

यावर कोणी म्हणेल, सम्यग्दर्शन निसर्गानेही होते आणि अधिगमानेही होते, असे तत्त्वार्थसूत्रातच आहे. खरे आहे. पूर्वभवातून सम्यक्त्व घेऊन येणारा जीवही शास्त्राला मान्य आहे. तीर्थंकर तर मति, श्रुत आणि अवधी अशा तीन ज्ञानांसह जन्म घेतात. पण निसर्गज म्हणजे उपदेशाचा स्पर्श कधीच न झालेले, असे नव्हे. या भवात नसली तरी देशना पूर्वी कधीतरी मिळालेली असावी लागते, असे आचार्य सांगतात. दिगंबर टीकाग्रंथांत तर मनुष्याला प्रथम सम्यक्त्व प्राप्त होण्यास जन्मापासून आठ वर्षांची मर्यादा घातली आहे, आणि तिर्यंचाला मात्र काही दिवसांचीच. वासरू आठवड्यात कळपाबरोबर धावते. माणसाचे मूल वर्षभर कडेवर असते. शास्त्रकारांचे निरीक्षण किती बारीक होते!

श्वेतांबर घरांत वज्रस्वामींची कथा सर्वांना ठाऊक आहे. जन्मताच दीक्षा हा शब्द कानी पडला, त्या बाळाला जातिस्मरण झाले आणि आईचा मोह तुटावा म्हणून ते सहा महिने रडत राहिले. पुढे पाळण्यात पडल्या पडल्या साध्वींचे पठण ऐकून अकरा अंगे त्याला मुखोद्गत झाली. अलौकिक बालकांच्या कथांमध्ये याहून मोठी कथा नाही. तरीही बारकाईने पाहिले तर त्या बाळाला आठवला तो स्वतःचा पूर्वभव, ईश्वर नव्हे. आणि आठवण जागी झाली ती बाहेरून आलेल्या शब्दाने.

एवढ्या बारकाईत शिरण्याचे कारण व्यवहाराचे आहे. हात जोडणाऱ्या बाळाला पूर्वभवीचा साधक ठरवले, की पुढे त्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ त्याच दिशेने लावला जातो. मूल उपवासाचा हट्ट धरते, कौतुक होते, सत्कार होतो, आणि आठव्या-नवव्या वर्षी दीक्षेची गोष्ट निघते. हा वाद जुना आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1933 मध्ये अल्पवयीनांच्या संन्यासदीक्षेला प्रतिबंध करणारा निर्बंध केला. 1955 मध्ये मुंबई विधानसभेत प्रभुदास पटवारी यांनी त्याच हेतूचे विधेयक मांडले. तेव्हा आपले खानदेशही मुंबई राज्यातच होते. समाजातून मोठा विरोध झाला आणि त्याचा कायदा झाला नाही. जानेवारी 2023 मध्ये सुरतेत हिरे व्यापारी कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलीने दीक्षा घेतली, तेव्हा तोच वाद पुन्हा वर आला.

साधुसंस्थेविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि कायद्याने सारे सुधारते असेही मी मानत नाही. परंतु आठ वर्षे ही पात्रतेची किमान रेषा आहे; कर्जाची मर्यादा मंजूर झाली म्हणून सगळी रक्कम त्याच दिवशी उचलावी असे नसते. आणि मुलाच्या आत्म्यावरचे आवरण किती पातळ झाले आहे, हे केवलज्ञानी जाणे. आपण छद्मस्थ, आपल्याला दिसते ती फक्त आजीची नक्कल.

बँकेच्या कागदांत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' म्हणतात. आपल्या भागीदारी पेढ्यांना 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 30 परिचित असेल. अज्ञान मुलाला पेढीच्या लाभात सामील करून घेता येते. नफ्यात त्याचा हिस्सा राहतो, हिशेब पाहण्याचा हक्क राहतो, पण पेढीच्या देण्यासाठी तो व्यक्तिशः जबाबदार नसतो. सज्ञान झाल्यावर, किंवा आपण लाभात सामील आहोत हे त्याला उशिरा कळले तर तेव्हापासून, सहा महिन्यांत त्याने भागीदार व्हायचे की नाही हे जाहीर करायचे असते. काहीच कळवले नाही, तर मुदत संपताच तो भागीदार ठरतो.

आपल्या मुलांना धर्माच्या लाभात आपण पाळण्यातच सामील करून घेतो, आणि ते योग्यच आहे. नवकार ऐकत झोपणाऱ्या मुलाचे त्यात काही नुकसान नाही. प्रश्न सज्ञान झाल्यानंतरच्या सहा महिन्यांचा आहे. दुकानात यायचे की पुण्याला नोकरी करायची, हे अठराव्या वर्षी मुलाला विचारले जाते. आता मुलींनाही विचारले जाऊ लागले आहे. वकील कागद करतो, चार वडीलधारी बसतात. पण रात्रिभोजनत्याग, कंदमूळ, सामायिक यांपैकी तुला काय पटले, काय पटले नाही आणि का, असे विचारायला ती चार वडीलधारी मंडळी एकत्र बसलेली मी रनाळ्यात तरी अजून पाहिलेली नाहीत.