छोट्या मार्गांची उपेक्षा

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबईहून तिथे सेवा सुरू केली ती अलायन्स एअरने. केंद्राच्या ‘उडान’ योजनेतील अनुदानाची तीन वर्षांची मुदत सरली आणि २०२४ मध्ये कंपनीने ही सेवा थांबवली. सिंधुदुर्गवासीयांना याची चीड आली असेल तर ती रास्तच आहे.

१९९६ मध्ये ही कंपनी इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून स्थापन झाली. पुढे मोठ्या विमानांना न परवडणारे जवळचे पल्ले तिच्याकडे आले. सत्तरेक आसनांचे, पंख्यांचे एटीआर विमान अशा अंतरावर जेटपेक्षा कमी इंधनात जाते, आखूड धावपट्टीवरही उतरते. पण ताफा मुख्यतः भाड्याचा. भाडे डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. विमान दुरुस्तीसाठी उभे राहिले तरी भाड्याचा मीटर सहसा थांबत नाही. शिवाय ताफा लहान. एक विमान अडले की कुठल्या तरी छोट्या शहराची फेरी रद्द होते, आणि तिथे दुसरी कंपनी बहुधा नसतेच.

इंडियन एअरलाइन्स जिच्यात विलीन झाली होती, ती एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच उरली. पाठीशी उभी राहणारी मोठी कंपनी गेली. तेव्हा अलायन्स एअरला सावरण्याचा भार आता केंद्रानेच उचलला पाहिजे. अनुदान तीन वर्षांनी एकदम तोडू नये, त्या त्या मार्गावरील प्रवासी पाहून टप्प्याटप्प्याने कमी करावे. आणि राखीव विमानांसाठी कंपनीला भांडवल द्यावे, तेही येत्या अर्थसंकल्पातच.